जुनी पेटी, नवे सूर

मुंबईच्या बंदरातून मोंबासाकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात तांब्यापितळेची भांडी, देवांचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या यांच्याबरोबर पुष्कळदा एक पेटीही असे. पेटीचे स्वतःचे कूळही परदेशीच. पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली ज्या वाद्याचे पेटंट घेतले, त्याचा भाता पायाने हलवावा लागे. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडीशी घेऊन वाजविण्याजोगे रूप दिले, आणि मग महाराष्ट्राने नाटकाच्या रंगमंचावर, कीर्तनात, भजनात व घरच्या ओसरीवर ते असे काही आपलेसे केले की, त्याचे मूळ गाव कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. भारतीय नभोवाणीने १९४० साली पेटीला आपल्या दारातून बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. तथापि मराठी घरात त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. नभोवाणी आपल्या जागी, पेटी आपल्या जागी.

लेस्टर शहरातील ज्या घराची ही हकीकत आहे, त्या घरातील पेटी १९३४ साली पुण्यात विकत घेतलेली होती. ती घेणारे गृहस्थ नैरोबीस रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. १९६८ साली, ब्रिटनची दारे लागण्यापूर्वी, त्यांचे कुटुंब घाईघाईने इंग्लंडला आले तेव्हा पुष्कळ वस्तू मागे राहिल्या. पेटी राहिली नाही. त्यांची सून आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. सारे तिला माई म्हणतात. मामंजी गेल्याला चाळीस वर्षे होऊन गेली तरी माई अजून 'मामंजींची पेटी' असेच म्हणते, आणि दर गुरुवारी तिच्या घरी भजन होते ते त्याच पेटीवर.

हिच्यात विशेष ते काय, हे समजण्यास पेटीचे पोट उघडून पाहावे लागते. साडेतीन सप्तकांच्या ह्या पेटीत बेचाळीस पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, एक खर्जाचा व एक नराचा. म्हणजे एकंदर चौऱ्याऐंशी सूर. सूर म्हणजे पितळेच्या छोट्या चौकटीवर एका टोकाशी जडविलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्याचा वारा तिच्यावरून गेला की ती थरथरते आणि स्वर उमटतो. जिभेच्या टोकाकडे कानस फिरविली तर स्वर चढतो, मुळाकडे फिरविली तर उतरतो. परंतु एकदा खरवडून गेलेले पितळ कोणत्याही उपायाने परत येत नाही. मामंजींच्या पेटीतले सूर पॅरिसहून आलेले होते. त्या काळी चांगल्या पेटीवाल्यांचा तोच आग्रह असे. पुढे पुण्यातल्या कारागिराने ते भजनाला जुळतील असे लावून दिले होते आणि नव्वद वर्षे ते तसेच वाजत आले होते. विशेषतः तिचा गंधार. पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला, गळ्यातून निघणाऱ्या गंधाराशी एकजीव होणारा.

इंग्लंडच्या हवेत लाकडी वाद्यांची फार आबाळ होते. बाहेर ओल, आत हीटिंगची कोरडी उष्णता. २०२३ च्या हिवाळ्यात पेटीचे दोन सूर अजिबात बोलेनासे झाले आणि भात्यातून वारा निसटू लागला. ओळखीच्या एका बाईंनी जवळच्या गावातील एका दुकानाचे नाव सुचविले. अकॉर्डियन आणि जुनी हार्मोनियमे दुरुस्त करण्यात तो दुकानदार वाकबगार आहे, असा त्याचा लौकिक होता. आणि तो खोटा नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. माईने पेटीची छायाचित्रे पाठविली. त्याचे लेखी उत्तर आले: दोन बंद सूर बोलते करू, भाता तपासून गळती बुजवू, १८० पौंड. पेटी नेऊन दिली त्या दिवशी काउंटरपाशी माई एवढेच म्हणाली, "नीट करून द्या, फार जुनी आहे."

सात आठवड्यांनी पेटी परत आली. लाखेचे जुने, काळसर पॉलिश जाऊन तिच्यावर आरशासारखा चकचकीत लेप चढला होता. भात्याचे कापड नवे होते. आणि आतले चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी सूर काढून त्या जागी कोरे करकरीत सूर बसविलेले होते, पियानोच्या बरहुकूम लावलेले. बिल ६४० पौंडांचे. माईने डेबिट कार्ड पुढे केले, पैसे भरले, आणि त्याचे आभारही मानले. पहिल्या पिढीची ही रीतच आहे. परक्या देशात दुकानदाराशी वाद घालणे तिला कधी जमले नाही. त्या गुरुवारी भजन झाले. पेटीचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता, आणि दोनदा माई गाता गाता मध्येच थांबली. कोणी काही बोलले नाही.

नातीने मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. जुने सूर कोठे आहेत, हा तिचा पहिला प्रश्न. ते बहुधा भंगारात गेले असतील, असे उत्तर मिळाले. दुकानदार तिच्याशी उर्मटपणे बोलला नाही, उलट गोंधळून गेला. दोन सूर गेले म्हणजे बाकीचेही आज ना उद्या जाणारच, तेव्हा सारे एकदम बदलून वाद्य पुढच्या पन्नास वर्षांसाठी पक्के करून दिले, ह्यात त्याचे चुकले काय? त्याच्या धंद्याच्या मापाने काहीच चुकले नव्हते. शिलाई सरळ होती, सांधे घट्ट होते, एकही सूर कणसूर नव्हता.

येथेच ह्या प्रकरणाचा खरा पेच आहे. ब्रिटनमध्ये ग्राहकाच्या हक्कांचा जो कायदा १ ऑक्टोबर २०१५ पासून अंमलात आहे, त्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे दुरुस्तीचे काम 'वाजवी काळजीने व कौशल्याने' झाले पाहिजे. सामान्य माणूस ह्या कलमापाशीच थांबतो, आणि काम हाताने वाईट झालेले असेल तर तेवढे पुरेही पडते. भिंतीवर 'जुन्या वस्तूंची जबाबदारी आमच्यावर नाही' अशी पाटी लावून कोणाही दुकानदारास त्या कर्तव्यातून सुटता येत नाही. ५७ व्या कलमाने तो मार्ग बंद केला आहे. परंतु जुन्या वस्तूच्या बाबतीत पुष्कळदा काम वाईट झालेले नसते, निराळेच झालेले असते. जुन्या घड्याळाची तबकडी पुन्हा रंगविणारा, आजीच्या पैठणीचा विरलेला पदर कापून नवा जोडणारा, सागवानी पाटाची नक्षी घासून गुळगुळीत करणारा, ह्या साऱ्यांचे हात कुशल असतात. त्यांना ४९ व्या कलमाच्या कसोटीवर घासले तर ते कदाचित उत्तीर्णही होतील.

नातीला वाट सापडली ती पुढच्या, ५० व्या कलमात. संसदेचे कायदे हल्ली कोणासही घरबसल्या विनामूल्य वाचता येतात, आणि 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' ह्या संस्थेकडून फुकट सल्लाही मिळतो. तिने दोन्ही केले. व्यापाऱ्याने सेवेविषयी ग्राहकास जे काही सांगितले किंवा लिहिले, आणि ज्यावर विसंबून ग्राहकाने काम द्यावयाचे ठरविले, ते सारे कराराचा भाग ठरते, असे ते कलम म्हणते. म्हणजे 'दोन बंद सूर बोलते करू, भाता तपासून गळती बुजवू, १८० पौंड' ही दुकानदाराने आपल्या हाताने लिहिलेली ओळ हाच करार होता. ब्याऐंशी बोलते सूर काढून टाकण्याचा त्यात उल्लेख नव्हता, पॉलिशचाही नव्हता. आणि माईचे काउंटरवरचे शब्द? 'नीट करून द्या' ह्याचा अर्थ दुकानदाराने 'नवी करून द्या' असा घेतला. मराठीत ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे. इंग्रजीतही आहे, पण माईने त्यावेळी ते मोजून दाखविले नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा कोण करील? विचारण्याचे काम जाणत्याचे होते.

कराराप्रमाणे काम न झाल्यास पहिला हक्क ते पुन्हा नीट करून मागण्याचा. मूळ सूरच नाहीसे झाले असतील तर ते अशक्य होते, आणि मग दुसरा हक्क येतो: किंमत कमी करून घेण्याचा. ही कपात प्रसंगी संपूर्ण रकमेइतकीही असू शकते, आणि ती देणे आहे हे व्यापाऱ्याने मान्य केल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे परत करावे लागतात. बिल भरले, आभार मानले, म्हणून हे हक्क बुडत नाहीत. फक्त, वाद आधीच दिसत असेल तर पावतीवर 'हरकत राखून पैसे भरले' असे लिहिणे शहाणपणाचे. कारण कबूल केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा दुरुस्ती करणाराचा हक्कही इंग्रजी कायदा मानतो. शंभर पौंडांवरील आणि तीस हजारांपर्यंतचे काम क्रेडिट कार्डाने केले असते, तर १९७४ च्या कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार बँकेकडेही दाद मागता आली असती. माईचे कार्ड डेबिटचे होते.

ह्याहून जुना आणि ह्याहून सरळ असा आणखी एक मुद्दा होता. दुरुस्तीला दिलेली वस्तू ही ठेव असते. मालकी देणाराची, ताबा तेवढा घेणाराचा. आणि काढलेले जुने भाग हेही त्या ठेवीतच मोडतात, वेगळे ठरले नसेल तर. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता भंगारात घालणे हा इंग्रजी कायद्यात दिवाणी अपराध आहे. ठेव सांभाळण्याचे हे कर्तव्य मोबदला घेतला नाही म्हणूनही टळत नाही. १७०३ साली लंडनमध्ये एका गृहस्थाने ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्यात फुकट हलवून देण्याचे पत्करले, त्यांतले एक त्याच्या हयगयीने फुटले, आणि मुख्य न्यायाधीश होल्ट यांच्या न्यायालयाने त्यास जबाबदार धरले. मंडळांतून जे हौशी सभासद तबले, समया आणि ध्वनिक्षेपक 'सहज पाहून देतो' म्हणून घरी नेतात, त्यांनी हा निकाल एकदा मनात घोळवावा.

परंतु गेलेल्याची किंमत किती? येथे कायद्याचे हात आखडतात. बाजारात जुन्या सुरांचा जो काय भाव असेल तो मिळेल. नव्वद वर्षांच्या गंधाराचा भाव कोठल्याही बाजारात लागत नाही. १९९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका पोहण्याच्या तलावाचा खटला आला होता. फोर्साइथ नावाच्या गृहस्थांनी साडेसात फूट खोल तलाव मागितला होता. कंत्राटदाराने बांधला तो सर्वांत खोल जागी पावणेसात फूट. तलाव निर्धोक होता, घराची किंमत रतीभरही कमी झाली नव्हती. तो तोडून पुन्हा बांधण्यास २१,५६० पौंड लागले असते. ते देववले नाहीत; पण मागितले ते मिळाले नाही ह्या असमाधानापोटी खालच्या न्यायाधीशाने दिलेले २,५०० पौंड कायम राहिले. चालणारी, पण न मागितलेली वस्तू हातात पडलेल्या माणसाला कायदा किती देऊ शकतो, ह्याचे माप ह्या आकड्यांत आहे. थोडे देतो, पण 'तुझे काही बिघडलेच नाही' असे म्हणत नाही.

नातीने हे सारे माईपुढे मांडले, तेव्हा माई प्रथम रागावलीच.

"अगं, त्याने मनापासून केलंय. आपण त्याच्यावर फिर्याद करायची?"

"फिर्याद नाही गं आजी. पत्र. तू १८० पौंडांचं काम सांगितलंस, एवढंच लिहायचं."

"आणि मामंजींचे सूर?"

"तेच पहिल्या ओळीत लिहू."

पुरावा म्हणून त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या: दुकानदाराचा लेखी निरोप, पेटी देण्यापूर्वीची छायाचित्रे, आणि आदल्या वर्षी नातीच्या वाढदिवशी टेलिफोनवर सहज टिपून घेतलेले एक भजन. ह्या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नव्हते. जुनी पेटी कशी वाजत होती, तिचे किती सूर धडधाकट होते, ह्याची साक्ष देणारी ती एकच वस्तू जगात उरली होती. पत्र एका पानाचे झाले. काय ठरले, काय झाले, काय हवे: जुने सूर शोधून परत करावेत, न सांगितलेल्या कामाचे ४६० पौंड परत द्यावेत, चौदा दिवसांत उत्तर यावे. न आल्यास पुढची पायरी दिवाणी न्यायालयाच्या लहान दाव्यांची. इंग्लंड व वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे बहुतेक दावे त्या मार्गाने जातात, वकील लागत नाही, मुदत सहा वर्षांची असते, आणि पैशांच्या अशा दाव्यांत २०२४ पासून आधी टेलिफोनवरून विनामूल्य मध्यस्थी करून पाहणे बहुधा बंधनकारक झाले आहे. पत्रात धमकीचा सूर नव्हता. माईने तो ठेवू दिला नाही.

पेटी घरची होती म्हणून हे इतके सोपे झाले, हेही नमूद केले पाहिजे. २०१५ च्या कायद्यात 'ग्राहक' म्हणजे धंद्याबाहेरच्या कामासाठी व्यवहार करणारी व्यक्ती. नोंदणीकृत संस्थेच्या नावाने पेटी दुरुस्तीला गेली तर त्या संस्थेला १९८२ च्या जुन्या कायद्यातील काळजी व कौशल्याच्या अटीचा आधार राहतो. वर सांगितलेले पुष्कळसे कोष्टक मात्र तिला लागू पडत नाही. सुट्टीत भारतात नेऊन पुण्यामुंबईस दुरुस्ती करून घेणाऱ्यांना येथला कायदा सहसा उपयोगी पडत नाही. तेथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्या बाबतीत मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली सुरू केली, ती भारतात ग्राहकांचा पहिला कायदा होण्यापूर्वी बारा वर्षे. घासाघीस करण्यात पटाईत असलेला आपला समाज पावती मागण्यात मात्र संकोचतो, हा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला होता.

पत्राला नवव्या दिवशी उत्तर आले, आणि ते टपालाने आले नाही. दुकानदार स्वतः दारात उभा होता; हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. भंगाराची पोती अजून गेली नव्हती, त्यातून दोन संध्याकाळ बसून त्याने निवडून काढले होते तेवढे सूर त्यात होते. माईने त्यास आत बोलावले, चहा दिला. डबा जेवणाच्या टेबलावर ओतून तिघांनी मोजणी केली. एकाहत्तर निघाले. तेरा नव्हते. ४६० पौंड त्याने त्याच आठवड्यात कार्डावर परत केले. जुने सूर पुन्हा बसविण्याचा खर्चही त्याच्याकडून मागावा, तो मिळण्यासारखा आहे, असे नातीचे मत होते, आणि ते कायद्याला धरून होते. माईने त्यास साफ नकार दिला. माणूस पोत्यात हात घालून बसला, त्याच्याकडे आणखी मागायचे नाही, असे तिचे म्हणणे. ह्या एका मुद्द्यावर त्या घरात आजतागायत एकमत झालेले नाही.

जाताना दुकानदाराने भिंतीशी ठेवलेल्या पेटीकडे पाहून विचारले, की जुन्या सुरांत असे काय होते? नातीने टेलिफोनमधले ते भजन त्याला लावून दाखविले. त्याने दोन वेळा ऐकले. मग म्हणाला, गंधार उतरलेला आहे, आणि थोड्या वेळाने, "पण गाणाऱ्या बाईंचाही तेवढाच उतरलेला आहे."

पुण्यातील एका वृद्ध पेटीवाल्याशी आता बोलणे झाले आहे. एकाहत्तर सूर पाहिल्याशिवाय तो भाव सांगणार नाही, आणि हरवलेल्या तेरांच्या जागी कोणते बसवावेत, हे तो भजन ऐकून ठरविणार आहे. डबा पाठविण्यापूर्वी नात एक तक्ता तयार करीत आहे. डावीकडे पट्टीचा क्रमांक, एक ते बेचाळीस. पुढे खर्ज, पुढे नर, त्यापुढे प्रत्येक सुराचे छायाचित्र. आणि खाली माईच्या अक्षरात, मराठीत, दोन ओळी: जुना सूर कानशीने खरवडू नये. काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. त्याखाली कारागिराच्या सहीसाठी जागा सोडली आहे.